किल्लारीखालचे तीन खडक

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. इतका मोठा भूकंप इथे होईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. म्हणून पुढे शास्त्रज्ञांनी त्या भागात खोल छिद्र घेऊन खालचा खडक वर काढला. अशा छिद्रातून दगडाच्या गोल कांड्या एकामागून एक बाहेर येतात. त्या क्रमाने मांडल्या की जमिनीचा उभा छेद समोर येतो. किल्लारीला वरचे ३३८ मीटर काळा बेसॉल्ट निघाला. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर होते. आणि त्याखाली, ६१७ मीटरवर छिद्र थांबेपर्यंत, प्रचंड उष्णता आणि दाब सोसलेला स्फटिकी खडक लागला. त्याचं वय २५० कोटी वर्षांहून जास्त आहे.

अग्निजन्य, गाळाचा, रूपांतरित. भूगोलाच्या पुस्तकात ज्यांच्या व्याख्या पाठ केल्या जातात ते तिन्ही प्रकार एकाच छिद्रात एकाखाली एक सापडले. पुस्तकात या तिघांना बाणांनी जोडून एक वर्तुळ काढलेलं असतं आणि त्याला खडकचक्र म्हणतात. मुलं ते वर्तुळ काढून गुण मिळवतात, पण घरामागच्या विहिरीतून निघालेला दगड त्या वर्तुळात कुठे बसतो हे बहुतेकांना सांगता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे चक्र समजून घ्यायला महाराष्ट्रासारखी जागा शोधून मिळणार नाही. सुरुवातीला एकच गोष्ट पक्की धरायची: कोणताही खडक ठरावीक तापमानात, ठरावीक दाबाखाली आणि ठरावीक प्रमाणात पाणी असताना तयार होतो. त्या परिस्थितीत तो स्थिर असतो. तिथून त्याला हलवलं की तो बदलू लागतो. बाकी सगळं यातून निघतं.

वरून सुरुवात करू. बेसॉल्ट हा थिजलेला लाव्हा. पण हा लाव्हा आला कुठून? पृथ्वीच्या पोटात सगळीकडे वितळलेला रस भरलेला आहे, ही समजूत खूप पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. भूकवचाखालचं प्रावरण २,९०० किलोमीटर जाडीचं आहे आणि ते घन आहे. तिथलं तापमान हजार अंशांच्या वर असलं तरी वरच्या खडकाचा दाब इतका असतो की तो वितळू शकत नाही. वितळण्यासाठी दोन मुख्य वाटा असतात. एक, गरम खडक हळूहळू वर सरकला आणि त्याच्यावरचा दाब कमी झाला. दुसरी, त्या खडकात पाणी शिरलं, कारण पाण्याने खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. दख्खनमध्ये पहिली गोष्ट घडली. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट हिंदी महासागरात, आजच्या रियुनियन बेटाला जन्म देणाऱ्या तप्त जागेवरून उत्तरेकडे सरकत होता. खालून वर येणारा गरम खडक दाब कमी होताच थोडा थोडा वितळला, रस गोळा झाला, भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वर आला. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या तोंडातून आग, असं चित्र इथे डोळ्यांसमोर आणू नये. भेगांतून लाव्हा पसरत जायचा, थिजायचा, आणि काही काळाने त्याच्यावर दुसरा यायचा. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेरच्या काळात आला. आज उरलेला विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. कळसूबाई चढताना पायथ्यापासून १,६४६ मीटरच्या माथ्यापर्यंत आपण एकावर एक साठलेल्या लाव्ह्याच्या थरांवरूनच जातो. सह्याद्रीच्या अंगावर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे हे थर.

एका थराकडे नीट पाहिलं की तो कसा थिजला हे कळतं. लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. तो वर आल्यावर वायूचे बुडबुडे सुटतात आणि वरच्या दिशेने निघतात. वरचा भाग लवकर थिजतो, म्हणून बुडबुडे तिथे अडकतात आणि दगड भोकाभोकांचा होतो. मधला भाग सावकाश थंड होतो, त्यामुळे तो घट्ट, एकजीव आणि जड बनतो. विहीर खोदणाऱ्यांना हा फरक कुठल्याही पुस्तकाविना माहीत असतो. सच्छिद्र, फुटायला सोपा तो मांजऱ्या. पहारीला दाद न देणारा तो काळा पाषाण. मांजऱ्यात पाणी लागण्याची आशा असते, काळ्या पाषाणात भेग सापडली तरच. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटेच्या रंगाची तांबडी पट्टी लागते, तिला गेरू म्हणतात. खालचा लाव्हा थिजल्यावर पुढचा येण्याआधी जो काळ गेला, त्यात त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजला, वर थोडी राख किंवा माती साठली, आणि मग हजार अंशांहून तप्त लाव्ह्याने ती भाजून काढली. घाटरस्त्याच्या कापात अशी तांबडी रेघ दिसली तर तिथे ज्वालामुखीने विसावा घेतला होता असं समजायला हरकत नाही.

त्या भोकांचं पुढे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. थिजलेल्या थरांतून गरम पाणी झिरपत राहिलं. त्याने आजूबाजूच्या खडकातले पदार्थ विरघळवून घेतले आणि पोकळ्यांत नेऊन सोडले. तिथे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट अशी झिओलाइट वर्गातली खनिजं, ॲपोफिलाइट, आणि आपल्या ओळखीची गारगोटी यांचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव, अहमदनगर या भागांतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट तर खनिजप्रेमींना वाघोलीच्याच नावाने माहीत आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे सगळं शांतपणे पाहता येतं. विहिरीच्या ढिगाऱ्यात चकाकणारे तुकडे दिसतात तेही याच घराण्यातले.

हाच शिलारस पृष्ठभागावर पोचला नाही तर? धुळे-नंदुरबारकडे शेतांच्या मधोमध काळ्या दगडाच्या सरळ भिंती कित्येक किलोमीटर गेलेल्या दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. भेगेतून वर येता येता आतच थिजलेला रस म्हणजे ही भिंत. आजूबाजूचा नरम खडक झिजून गेला आणि ही उभी राहिली. आत सावकाश थंड झाल्यामुळे हिच्यातले स्फटिक बेसॉल्टपेक्षा थोडे मोठे असतात. याहून खोल, मोठ्या प्रमाणात आणि फार सावकाश थिजलं तर स्फटिक डोळ्यांना सहज दिसण्याएवढे होतात. सौराष्ट्रातला गिरनार असा बनला. दख्खनच्या ज्वालामुखीच्या काळातला रस तिथे जमिनीखालीच राहिला आणि झिजेमुळे नंतर उघडा पडला. म्हणजे अग्निजन्य खडकाचा दाणा पाहून तो किती वेगाने थंड झाला हे सांगता येतं. रंग वेगळी गोष्ट सांगतो. काळपट खडकात लोह आणि मॅग्नेशियम जास्त, फिकट खडकात सिलिका जास्त. ग्रॅनाइट फिकट असतो कारण त्याचा रस बहुधा भूकवच वितळून बनतो, प्रावरण वितळून नाही.

आता बेसॉल्ट उघड्यावर आहे. १,१०० अंशांच्या आसपास जन्मलेला, पाण्याचा स्पर्श फारसा न झालेला खडक पावसात, उन्हात, हवेत उभा आहे. त्याची परिस्थिती पूर्ण बदलली आहे. इथे भूविज्ञानातला एक सुंदर नियम लागू होतो. नॉर्मन बोवेन यांनी १९२०च्या दशकात दाखवलं की रस थंड होताना खनिजं एका ठरलेल्या क्रमाने स्फटिकरूप घेतात: आधी ऑलिव्हिन, पायरोक्सीन, कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार, आणि सगळ्यांत शेवटी, कमी तापमानाला, क्वार्ट्झ म्हणजे गार. १९३८मध्ये सॅम्युएल गोल्डिच यांना कुजलेल्या खडकांचा अभ्यास करताना दिसलं की खडक कुजतानाही खनिजं त्याच क्रमाने मोडतात. जे सर्वांत जास्त तापमानाला जन्मलं ते पृथ्वीच्या पृष्ठभागावर सर्वांत आधी नष्ट होतं. गार सर्वांत शेवटी जन्मते आणि जवळजवळ नष्टच होत नाही.

बेसॉल्टमध्ये गार फारशी नसते. त्यात पायरोक्सीन आणि फेल्डस्पार भरलेले असतात, आणि दोन्ही पाण्यापुढे टिकत नाहीत. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, भेगांतून आत शिरतं, खनिजांतून कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम ओढून नेतं आणि मागे चिकणमातीची खनिजं ठेवतं. भेगांनी तोडलेल्या चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजतात, कारण तिथे पाणी दोन-तीन बाजूंनी येतं. त्यामुळे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि मध्ये घट्ट काळा गोळा उरतो. कुजण्याच्या या मधल्या अवस्थेला आपण मुरूम म्हणतो. कुजणं पूर्ण झालं की काळी जमीन. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती तशी वागते कारण तिच्यातलं स्मेक्टाइट नावाचं खनिज आपल्या पापुद्र्यांत पाणी घेतं आणि सोडतं. विदर्भ-मराठवाड्याचा कापूस ज्या जमिनीत येतो ती या अर्थाने खडकचक्राचीच एक अवस्था आहे.

घाट उतरून कोकणात गेलं की तोच बेसॉल्ट वेगळ्या तऱ्हेने कुजलेला दिसतो. तिथे पाऊस प्रचंड आहे आणि पावसाळ्यानंतर लांब कोरडा काळही. अशा हवेत पाणी फक्त चुना आणि सोडाच नेत नाही, सिलिकाही नेतं. मागे उरतात लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं. हा जांभा. खाणीतून काढताना तो इतका नरम असतो की त्याचे चिरे हत्याराने कापता येतात, आणि उघड्यावर वाळला की लोहाची संयुगं घट्ट होऊन तो टणक बनतो. कोकणातली घरं, गडगे, विहिरी या गुणावर उभ्या आहेत. जिथे लोह कमी आणि ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथे बॉक्साइट बनलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडीकडच्या पठारांवर ते आहे. कासचं पठारही जांभ्याचंच. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर सापडलेली कातळशिल्पं याच दगडात कोरलेली आहेत. जांभा तीन प्रकारांपैकी कशात बसवायचा, असा प्रश्न मुलांनी विचारला तर शिक्षकांनी तो टाळू नये. तो रसातून थिजला नाही, पाण्याने आणून साठवलेला नाही, उष्णतेने बदललेला नाही. तो जागच्या जागी उरलेला अवशेष आहे. तीन कप्पे माणसाने सोयीसाठी केले. निसर्गाने त्यांच्यात बसायचं मान्य केलेलं नाही.

कुजलेला माल पाणी वाहून नेतं. नेताना निवड होते. चिखल लांब जातो, दगडगोटे लवकर थांबतात, वाळू मध्ये कुठेतरी. नागपूरकर बांधकामासाठी कन्हानच्या रेतीचं नाव घेतात. ती रेती चांगली का, याचं उत्तर गोल्डिचच्या नियमात आहे. कन्हान आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यांत ग्रॅनाइट आणि नीससारखे गार भरलेले जुने खडक आहेत. त्यांतली बाकी खनिजं चिखल होऊन जातात आणि टणक गार दाणे बनून उरते. केवळ बेसॉल्टवरून वाहणारी नदी अशी रेती देऊ शकत नाही. तिच्या खडकाचा बहुतेक भाग माती होऊन जातो.

वाळूचा दगड व्हायला दोन गोष्टी लागतात. वरच्या गाळाचं ओझं दाणे एकमेकांवर दाबतं आणि पाणी पिळून काढतं. मग दाण्यांमधल्या फटींतून झिरपणारं पाणी चुना, सिलिका किंवा लोहाचं ऑक्साइड तिथे सोडतं आणि दाणे जोडले जातात. कामठीच्या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म असा बनला. या कामाला नेहमी कोट्यवधी वर्षं लागतात असंही नाही. कोकण किनाऱ्यावर शिंपले आणि वाळू चुन्याने जोडून बनलेला एक दगड मिळतो, त्याला करल म्हणतात; तो काही हजार वर्षांचाच आहे आणि किनाऱ्यावरच्या जुन्या बांधकामांत वापरलेला दिसतो. लाव्ह्याच्या दोन थरांमध्येसुद्धा गाळाचे खडक सापडतात, कारण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खोलगटांत तळी साठायची. मुंबईत वरळीला अशा एका तळ्याच्या गाळात इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. नागपूरच्या आसपासच्या अशाच थरांत एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी वनस्पती आणि शिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले.

गाळाच्या खडकाची मोठी ताकद हीच. तो ज्या परिस्थितीत साठला ती परिस्थिती तो सांगतो. चंद्रपूर हे आज देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक. त्याच्याजवळ इरई इथे चुनखडकाचा एक जुना पृष्ठभाग आहे. तो गुळगुळीत घासलेला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. त्यावर बारीक मातीत लहानमोठे गोटे मिसळलेला एक थर बसला आहे. नदी गोट्यांची आणि मातीची निवड करते, हे आपण पाहिलं. इथे निवड झालेलीच नाही. निवड न करता सगळं एकत्र ओढून नेणारा आणि खालचा खडक ओरबाडणारा वाहक एकच, तो म्हणजे हिमनदी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५मध्ये हे लिहिलं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाजवळ, गोंडवन भूखंडाचा भाग होता आणि चंद्रपूरवर बर्फ होता. बर्फ वितळल्यावर त्या खोऱ्यात दलदली आणि जंगलं वाढली. ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांचा पाचोळा साचलेल्या पाण्याखाली पुरता न कुजता दबत गेला आणि त्याचा कोळसा झाला. बल्लारपूर, घुग्गुस, वणीच्या खाणींतला कोळसा हाच.

हिमनदीने घासलेला तो चुनखडक मात्र त्याहूनही फार जुना, समुद्रात बनलेला. चुनखडक कसा बनतो याचा धागा पुन्हा कुजणाऱ्या बेसॉल्टकडे जातो. पावसाने खडकातून काढलेलं कॅल्शियम आणि हवेतून घेतलेला कार्बन नदीतून समुद्रात जातात. तिथे समुद्री जीव त्यांच्यापासून शिंपले बनवतात, किंवा पाण्यातूनच चुना बाहेर पडतो. तळाशी तो साठतो आणि खडक होतो. त्या खडकात हवेतला कार्बन कोंडलेला असतो. वणी-चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांत चुनखडक भाजला जातो तेव्हा तोच कार्बन पुन्हा हवेत सुटतो. लाखो वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड आटोक्यात ठेवण्याचं काम खडकांचं हे कुजणं करत आलं आहे. हवामानबदलाच्या चर्चेत याचं नाव अधिक घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता किल्लारीच्या कांडीच्या तळाशी जाऊ. गाळाचा खडक खोल गाडला गेला की त्याचं तापमान वाढतं. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. दोनशे अंशांच्या वर त्यातली खनिजं टिकेनाशी होतात. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की खडक इथे वितळत नाही. तो घनच राहतो. अणू अगदी सावकाश सरकतात आणि नव्या तापमानाला, नव्या दाबाला स्थिर अशी खनिजं जुन्यांच्या जागी वाढतात. चिखलाचा खडक घेतला तर त्यात आधी अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे दाबाच्या काटकोनात ओळीने वाढतात आणि दगड पातळ पट्ट्यांत फुटू लागतो. शाळेच्या जुन्या पाट्या अशा दगडाच्या होत्या. अधिक उष्णतेला अभ्रक मोठं होऊन चमकू लागतं, तो शिस्ट. त्याहून अधिक तापलं की फिकट आणि गडद खनिजं वेगळी होऊन पट्टे पडतात, तो नीस. चुनखडकात पट्टे पडत नाहीत. त्याचे कण मोठे होऊन एकमेकांत घट्ट बसतात आणि संगमरवर बनतो.

तापमान आणि दाब किती होता हेही कळू शकतं. १८९३मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत जॉर्ज बॅरो यांनी दाखवलं की ठरावीक खनिजं ठरावीक पट्ट्यांतच येतात, आणि ते पट्टे वाढत्या उष्णतेचे आहेत. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्ही सापडतात. दोघांचं रासायनिक सूत्र एकच आहे, फक्त अणूंची रचना वेगळी. कायनाइट जास्त दाबाला स्थिर, सिलिमनाइट जास्त तापमानाला. म्हणून खडकात यांच्यापैकी कोणतं आहे यावरून तो किती खोल आणि किती गरम जागी जाऊन आला हे वाचता येतं. नागपूर-भंडाऱ्याकडचं मँगनीज, मनसर, डोंगरी बुजुर्ग, चिखला इथल्या खाणींतलं, हे समुद्रतळावरच्या मँगनीजयुक्त गाळाचं रूपांतर होऊन बनलं आहे. सिंधुदुर्गातल्या रेडीचं आणि गोव्याचं लोहखनिजही मुळात समुद्रात साठलेल्या लोहाच्या पट्ट्यांचं. आणि तापमान ७०० अंशांच्या जवळ गेलं, थोडं पाणी असलं, की नीसमधला फिकट भाग वितळू लागतो. तो रस वर सरकला आणि थिजला की ग्रॅनाइट. इथे रूपांतरित खडकापासून पुन्हा अग्निजन्य खडक झाला.

किल्लारीखालचा खडक कित्येक किलोमीटर खोलीवर, माझ्या मते निदान पंधराएक किलोमीटरवर, रूपांतरित झाला असावा. पण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला तेव्हा तो पृष्ठभागावर होता, नाहीतर त्यावर गाळ आणि लाव्हा बसलाच नसता. म्हणजे मधल्या काळात त्याच्यावरचा सगळा डोंगर झिजून गेला. जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांच्या काळाची साक्ष देणारा दगड तिथे नाही, फक्त आठ मीटर गाळ आहे. अशा रिकाम्या जागेचा अर्थ पहिल्यांदा नीट ओळखला तो स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी. खडक झिजतात, समुद्रात साठतात, पृथ्वीच्या उष्णतेने घट्ट होतात, उचलले जातात आणि पुन्हा झिजतात, हे त्यांनी १७८५मध्ये एडिंबरोत मांडलं होतं. १७८८मध्ये जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांच्याबरोबर होडीतून ते सिकर पॉइंटला गेले. तिथे राखाडी खडकाचे थर उभे आहेत आणि त्यांच्या छाटलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे बसले आहेत. खालचे थर साठायला, उचलून उभे व्हायला, झिजून सपाट व्हायला आणि मग त्यांवर नवे साठायला किती काळ लागला असेल, या एका प्रश्नाने पृथ्वीचं वय काही हजार वर्षं आहे ही कल्पना मोडीत निघाली.

हटन यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती: खडक उचलतं आणि खाली नेतं ते काय. त्याचं उत्तर विसाव्या शतकात भूपट्टांच्या सिद्धांताने दिलं. आणि त्यामुळेच वर्तुळाचं चित्र अपुरं आहे हेही कळलं. प्रत्येक खडक सगळ्या पायऱ्या चढत नाही. वाळूचा दगड पुन्हा झिजून वाळू होऊ शकतो, तेही अनेकदा. दख्खनच्या पठाराखालचा खडक इतका काळ भूखंडाच्या मधोमध बसून आहे की त्याच्या वाट्याला फक्त वर येणं आणि पुन्हा लाव्ह्याखाली झाकलं जाणं आलं. गोव्याच्या अनमोड घाटातला नीस ३०० कोटी वर्षांहून जुना आहे. उलट लोणारला उल्का आदळली तेव्हा बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारची काच व्हायला क्षणभरही वेळ लागला नाही. हेही रूपांतरच, धक्क्याचं.

एक वाट शेवटपर्यंत गेलेली पाहायची असेल तर गोदावरी घ्यावी. ती त्र्यंबकजवळ ब्रह्मगिरीच्या बेसॉल्टमधून निघते, सिरोंचाजवळ प्राणहिता येऊन मिळते आणि तिच्याबरोबर वैनगंगेच्या खोऱ्यातली गारेची वाळू येते. १,४६५ किलोमीटरनंतर राजमुंद्रीपुढे बंगालच्या उपसागरात पोचते. राजमुंद्रीजवळ दख्खनचाच लाव्हा सापडतो आणि त्याची रासायनिक घडण महाबळेश्वरकडच्या थरांशी जुळते. बहुधा तो जुन्या नदीखोऱ्यांतून तेवढं अंतर वाहत गेला. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हा प्रवाहांत त्याची गणना होते. गोदावरीचा बहुतेक गाळ त्रिभुज प्रदेशात आणि किनाऱ्याजवळ थांबतो. थोडा उतारावरून खोल समुद्रात घसरतो. तो ज्या समुद्रतळावर बसतो तो भारतीय भूपट्टाचा भाग आहे आणि अंदमानच्या पश्चिमेला हा भूपट्ट वाकून खाली जातो. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, अंतर हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे काही कोटी वर्षांची वाट. जाता जाता वरचा गाळ खरवडला जातो आणि घड्या पडून वर येतो. अंदमान बेटांचा बराच भाग अशा समुद्रतळावरच्या वालुकाश्मांचा आणि चिखलाच्या खडकांचा बनलेला आहे. जो खाली जातो त्याचं रूपांतर होतं आणि त्याच्यातून पाणी बाहेर पडतं. ते वरच्या गरम प्रावरणात शिरतं, प्रावरणाचा वितळणबिंदू खाली येतो आणि रस तयार होतो. वितळण्याची दुसरी वाट ती हीच. हा रस पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला बॅरन बेटावर बाहेर पडतो. तिथल्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ची आहे. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१मध्ये तिथला ज्वालामुखी पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून लाव्हा ओकतो आहे. त्या लाव्ह्याचा दगड बेसॉल्ट आणि त्याच्या जवळच्या अँडेसाइट जातीचा आहे, आणि थिजल्यापासून त्यावर अंदमानचा पाऊस पडतो आहे.